ओविदिओचं नाक

“हलू नकोस,” आर्मिदा म्हणाली. “अजून चार मिनिटं आहेत.”

“मी कुठे हललो? खुर्ची करकरली,” ओविदिओ म्हणाला.

माझा मेहुणा चेस्टनटांवर बसला होता. गरमागरम भाजलेले दोन किलो चेस्टनट घोंगडीत गुंडाळायचे, ते गाठोडं खुर्चीवर ठेवायचं आणि वर आपण दहा मिनिटं बसायचं, ही त्याची रीत. घोंगडीत आमच्या काल्दाया गावात सगळेच गुंडाळतात. आतल्या आत वाफ धरली की साल सुटी होते. पण वर बसणारा ओविदिओ एकटाच. अंडी उबवणाऱ्या कोंबडीच्या तोंडावर असतो तसला गंभीर, मध्ये कुणी बोलू नये असा भाव त्याच्या तोंडावर असे, आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली आठ-दहा माणसं खरोखरच मध्ये बोलत नसत.

नोव्हेंबरचा पहिला रविवार होता. सगळ्या संतांच्या सणापासून पुढे महिनाभर दर रविवारी दुपारचं जेवण आटोपून लोक ओविदिओकडे यायचे. तीस वर्षं हे चाललं होतं. चेस्टनट तर प्रत्येकाच्या घरात पोत्यानं पडलेले असत. चूल होती, तळाला भोकं असलेली लांब दांड्याची कढईही होती. पण ओविदिओसारखे कुणाला जमत नसत. चेस्टनटच्या फुगीर बाजूला चाकूनं चीर तो स्वतः द्यायचा, दुसऱ्याला हात लावू देत नसे. मग चुलीसमोर ठेंगण्या स्टुलावर बसून कढई हलवत राहायचा. घड्याळ बघायचा नाही, एखादा उचलून चाखायचा नाही. डोळे मिटलेले, नाक जरासं वर. आधी ओल्या पोत्याचा वास येतो, मग पावाचा, असं तो सांगे. तिसऱ्या वासाला त्याच्याकडे नाव नव्हतं. तो आला की ओविदिओ “बस!” म्हणायचा आणि कढई खाली यायची. भाजताना कुणी बोलायचं नाही, असा नियमच होता. बोललं की वास विस्कटतो म्हणे.

दहा मिनिटं झाली. ओविदिओ उठला, त्यानं गाठोडं सोडलं आणि पहिला चेस्टनट नेहमीप्रमाणे तेओफिलोला दिला.

तेओफिलो म्हणजे गावचा म्हातारा बेकरीवाला. “माझं आयुष्य भट्टीपुढे गेलं, आणि लोक भाजणं बघायला जातात नळवाल्याकडे,” असं तो तीस वर्षं म्हणत होता, आणि तीस वर्षं सगळ्यांच्या आधी येऊन पहिली खुर्ची पकडत होता. त्यानं सोलायला घेतलं. साल सुटेना. नखानं झालं, चाकूनं झालं. शेवटी त्यानं तो तसाच दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला.

“काय झालं?” कोपऱ्यात डुलक्या घेणारे फादर सिरिओ दचकून जागे झाले.

“कवळी,” तेओफिलोनं ती तळहातावर काढून उलटसुलट पाहिली. “आख्खी आहे. देवाची कृपा, फादर.”

“कच्चे राहिले की काय?” कुणीतरी चाचरत विचारलं.

“कच्चे? अहो, हे अजून झाडावर आहेत!”

सगळे हसले. ओविदिओनं एक चेस्टनट दोन बोटांत दाबून पाहिला. त्याचे कान लाल झाले.

“यंदा पाऊस फार झाला,” तो म्हणाला. “फळानं पाणी धरलंय.”

“पाणी म्हणजे तुझंच खातं,” तेओफिलो कवळी बसवत म्हणाला.

आर्मिदा उठली. तिनं सगळे चेस्टनट पातेल्यात लोटले, वर पाणी, मीठ, बडीशेपेची एक काडी टाकली आणि म्हणाली, “अर्ध्या तासात उकडून देते. वाइन घ्या तोवर.”

इथे मला शंका आली. माझी बहीण जन्माची उकडलेल्यांच्या पक्षाची. भाजणं हा दिखाऊपणा आणि उकडणं म्हणजे खरा स्वयंपाक, असं तिचं मत. उकडलेले चेस्टनट आजाऱ्याला द्यावेत, असं ओविदिओचं. या एका गोष्टीवरून त्या दोघांनी चाळीस वर्षांचा संसार मजेत भांडत काढला होता. अशी संधी तिला पुन्हा मिळाली नसती. आणि ती एक अक्षर बोलली नाही.

मी झेलिंदा, आर्मिदाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. खाली दरीतल्या कागदाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली आणि नंतर यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. त्यामुळे या घरात काय चाललंय हे मला जिन्यातून कळतं, आणि जे जिन्यातून कळत नाही ते आर्मिदा वर येऊन सांगते.

ओविदिओ नगरपालिकेचा नळवाला होता. डोंगरातल्या झऱ्यापासून गावातल्या शेवटच्या तोटीपर्यंत सगळं पाणी त्याच्या हातातून जायचं. बर्फात, वाऱ्यात खांद्यावर पाना टाकून वर चढायचा. पाणी येत असलं की नळवाला कुणाला आठवत नाही, आणि पाणी गेलं की त्याच्या आईसकट सगळ्यांची आठवण निघते. एकोणचाळीस वर्षांनी तो निवृत्त झाला तेव्हा नगरपालिकेनं त्याला मानपत्र दिलं. त्यावर नाव छापलं होतं ओत्ताविओ. आम्ही भडकलो. त्यानं मात्र ते तसंच स्वयंपाकघरात लावलं. “चौकट चांगली आहे,” म्हणाला. वर्षातून चार-पाच रविवार या माणसाकडे गाव टक लावून बघायचं. बाकी काही नाही.

कच्च्या चेस्टनटांच्या त्याच वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत, त्याला जबरदस्त फ्लू झाला होता. तीन आठवडे अंथरूण धरलं. उठला तो बरा होऊनच उठला, असं आम्हाला वाटलं. मग बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. एकदा चुलीवर कॉफी जळून कोळसा झाली आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. नासलेलं दूध प्यायला. मांजरानं त्याच्या बुटात नको ते केलं, तर तो तेच बूट घालून चर्चमध्ये मिसेला गेला, आणि त्याच्या बाकावर त्या दिवशी भरपूर जागा झाली.

कच्च्या चेस्टनटांच्या रविवारनंतर आठेक दिवसांनी आर्मिदा वर आली. डोळ्यांखाली काळं.

“त्याला वास येत नाही,” ती म्हणाली. “खात्री करून घेतली.”

“ती कशी?”

“त्याच्या उशीच्या अभ्र्यात सोललेला लसूण घातला. दोन गड्डे.”

“मग?”

“मग काय! तो बाळासारखा झोपला. सात रात्री झाल्या, मी लसणाशेजारी तळमळतेय.”

मला हसू आवरेना. तिलाही आवरेना. मग तिनं डोळे पुसले.

“सांगितलंस त्याला?”

“वेडी आहेस का? तो मला सांगत नाही, म्हणजे मला कळू नये असं त्याला वाटतं. नाही कळलं मला.”

“अगं, पण गेल्या रविवारीसुद्धा कच्चेच होते. या रविवारी तेओफिलो घरून वाफवलेले घेऊन येईल!”

“बघू,” आर्मिदा म्हणाली.

त्या रविवारी तिनं काय केलं, तर विणकाम घेऊन चुलीशेजारी बसली. आजवर ती भाजण्याच्या वेळी तिकडे फिरकतसुद्धा नसे, त्या पाखंडाशी आपला संबंध नाही म्हणून. ओविदिओनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कढई आगीवर धरली. स्वयंपाकघर गप्प झालं. कढई खडखडत होती, लाकडं तडतडत होती. बऱ्याच वेळानं आर्मिदा सुईवरून नजर न काढता म्हणाली, “ओविदिओ, माळ्याची खिडकी लावलीस का?”

“शू!” तेओफिलो ओरडला. “नियम आहे!”

“बस!” ओविदिओ म्हणाला.

घोंगडी उघडली तेव्हा साली आपोआप सुटत होत्या. आत सोन्यासारखा पिवळा गर. तेओफिलोनं बावीस खाल्ले आणि जाताना “बरे होते” म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे चर्चची घंटा आपण होऊन वाजण्यासारखं होतं.

पुढच्या रविवारी आर्मिदानं विचारलं, “उद्या कचऱ्याची गाडी येणार ना?” पुन्हा “बस!”, पुन्हा सोनं. नवरा-बायकोत यावर एक शब्द झाला नाही. फक्त त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी चिरा देता देता ओविदिओनं सहज विचारलं, “उद्या तू कुठे बसणार आहेस?”

“नेहमीच्या जागी,” आर्मिदा म्हणाली. तिची ती नेहमीची जागा एका आठवड्याची होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात लोरेदानाचं पत्र आलं. लोरेदाना ही त्यांची एकुलती एक मुलगी. लुक्का शहरात वकिलाच्या कचेरीत टायपिंग करायची. साउरो नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ती साउरो आणि त्याच्या आईला घेऊन येणार होती. साउरोच्या आईचं लुक्कामध्ये अत्तरांचं दुकान होतं.

“अत्तरांचं,” आर्मिदानं पत्र खाली ठेवलं.

“पुढे वाच,” मी म्हटलं.

पुढे लिहिलं होतं, ‘मी त्यांना बाबांबद्दल सगळं सांगितलंय. त्या म्हणाल्या, वासावर भाजणारा माणूस मला भेटलाच पाहिजे. आई, घराच्या खिडक्या जरा उघड्या ठेव. साउरोच्या आधीच्या मैत्रिणीला त्यांनी केसांच्या वासावरून नापास केलं होतं.’

ओविदिओ पत्र ऐकत खिडकीशी उभा होता. “येऊ देत,” तो म्हणाला. “आपल्याला काय!” आणि त्यानं आर्मिदाकडे पाहिलं. आर्मिदानं मान डोलावली. ते दोघं मिळून लुक्काच्या कुठल्याही नाकाला पुरून उरले असते.

शुक्रवारी सकाळी आर्मिदा शिंकली.

दुपारपर्यंत तिचं नाक टोमॅटोसारखं झालं. संध्याकाळी ती ‘म’ला ‘ब’ म्हणू लागली. आणि मग मी असं काही पाहिलं की जे त्या घरात कधी घडलं नव्हतं. ओविदिओ स्वतः चुलीवर पाणी ठेवत होता. त्यात निलगिरीचा पाला टाकत होता. बायकोच्या डोक्यावर टॉवेल पांघरून “आत घे, खोल घे” म्हणत होता. दिवसातून पाच वेळा. बाळंतपणात त्यानं तिला कधी चमचाभर सूप नेऊन दिलं नव्हतं.

“सुटतंय का?” तो विचारायचा.

“थोडं,” टॉवेलखालून उत्तर यायचं.

“डाव्या बाजूनं की उजव्या?”

“डाव्या.”

“मग आता उजवी धरू.”

त्याला का हवंय हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. पण कुणी बोललं असतं तर सगळंच बोलावं लागलं असतं. म्हणून दोघं निलगिरीबद्दल बोलत होते.

शनिवारी ती माझ्याकडे आली. “तू बस उद्या बाझ्या जागी. तिसरा वास आला की काहीतरी विचार.”

“मी? आर्मिदा, मी पंधराव्या वर्षापासून सिगारेट ओढते. मला अमोनिया आणि जाई यातला फरक कळत नाही.”

“प्रयत्न तरी कर!”

आम्ही माझ्या चुलीवर मूठभर चेस्टनट भाजून पाहिले. “आला,” मी म्हटलं. कच्चे होते. पुन्हा टाकले. “आता आला.” जळले होते. मधला वास कधी येऊन गेला, देव जाणे. एकाला चीर द्यायची राहिली होती, तो फटाक्यासारखा फुटून माझ्या पडद्यावर आदळला. आर्मिदा तशीच खाली गेली. रविवारी सकाळी जिन्यातून मला तिचा आवाज ऐकू आला. “झालं रे, ओविदिओ. बोकळं झालं.” आणि ओविदिओचा मोठा सुस्कारा.

लोरेदाना आणि साउरोबरोबर त्याची आई, सिन्योरा एर्सिलिया, तीन वाजता आल्या. उंच, ताठ, करड्या रंगाचे हातमोजे, आणि नाक असं की आमच्या चर्चमधल्या संतांच्या पुतळ्यांनाही नाही. दारातच त्या थांबल्या. नाक एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे.

“तमालपत्र,” त्या म्हणाल्या. “ओली लोकर. बीच झाडाचं लाकूड, दोन वर्षं सुकवलेलं. निलगिरी. आणि...” त्या जरा घुटमळल्या, “लसूण. पण स्वयंपाकाचा नव्हे. झोपण्याच्या खोलीतून येतोय.”

मी चटकन फादर सिरिओंना खुर्ची दिली. ओविदिओनं आश्चर्यानं बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे पाहत होती.

आर्मिदानं बाकी काही कमी ठेवलं नव्हतं. चेस्टनटच्या पिठाची धिरडी, आत ताजं रिकोटा चीज. त्याच पिठाचा चपटा केक, वर रोझमेरी आणि मनुका. बडीशेप घालून उकडलेले चेस्टनट, अर्थातच. सिन्योरा प्रत्येक गोष्ट आधी नाकाशी धरत, मग तोंडात टाकत, आणि काही बोलत नसत. साउरो बिचारा आईच्या भुवयांकडे बघत खात होता. लोरेदाना माझ्या कानाशी लागली, “मावशी, आवडतंय की नाही? काही कळत नाही गं.”

“तुझ्या बाबांचं होऊ दे,” मी म्हटलं, आणि मला घाम फुटला.

ओविदिओ स्टुलावर बसला. आर्मिदा शेजारी विणकाम घेऊन. सिन्योरा मानाच्या खुर्चीत, म्हणजे तेओफिलोच्या. आज तो दुसऱ्या खुर्चीत होता आणि त्याचं त्याला फार लागलं होतं. पाहुण्यांना नियम सांगण्यात आला. सगळे गप्प झाले.

खडखड, खडखड. ओविदिओचे डोळे मिटलेले, नाक जरासं वर. आर्मिदा विणत होती. सिन्योरांचं नाक हळूच उचललं गेलं, मग स्थिर झालं. काही वेळानं त्यांनी मान किंचित हलवली, जणू आता, आता. काही झालं नाही. त्यांनी ओविदिओकडे पाहिलं, मग पुन्हा कढईकडे. आर्मिदा विणत होती. तिचं नाक लाल होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मला दिसत होतं की ती ज्या जिवाच्या आकांतानं श्वास ओढत होती, त्यातून आत काहीसुद्धा जात नव्हतं.

मला वास आला. मला! म्हणजे विचार करा.

लोरेदाना खुर्चीत चुळबुळली. “बाबा...”

“शू!” तेओफिलो कुजबुजला. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. “मध्ये बोलू नको, पोरी. आज तो खोल चाललाय.”

धूर दाट होऊ लागला. फादर सिरिओ खोकले आणि त्यांनी माफी मागितल्यासारखा हात केला. साउरोनं रुमाल काढला. दहा माणसं डोळे चोळत, घसा दाबत, मुकाट बसली होती, आणि तीस वर्षांच्या आदरापोटी एकही जण तोंड उघडत नव्हता. कढईतून एक ठिणगी उडाली.

ओविदिओनं डोळे उघडले. समोर काळा धूर. तो वळला नाही. फक्त म्हणाला, “आर्मिदा, आज तुला काही विचारायचं नाही का?”

विणकाम थांबलं.

“बी खोटं बोलले सकाळी,” आर्मिदा म्हणाली. “अजून चोंदलेलंच आहे.”

ओविदिओनं कढई चुलीच्या दगडावर उतरवली. ती खाली ठेवण्याचा आवाज माझ्या अजून लक्षात आहे. हळू, जपून, जणू आत अंडी आहेत. मग तो उठून उभा राहिला. त्याच्या अंगात निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला कोट होता.

“मंडळी,” तो म्हणाला, “मला फेब्रुवारीपासून वास येत नाही. कशाचाच नाही. मागचे दोन रविवार हिच्या नाकानं भाजलं. आज तेही बंद आहे.” मग सिन्योरांकडे वळून म्हणाला, “तुम्ही लांबून आलात. मला माफ करा.”

लोरेदाना खुर्चीतून अर्धी उठली. आणि मग तेओफिलो ताडकन उभा राहिला.

“म्हणजे मागच्या दोन रविवारी,” तो लालबुंद होऊन म्हणाला, “मी हिच्याकडून हरलो? उकडणाऱ्या बाईकडून?”

“बावीस खाल्लेस तू,” आर्मिदा नाक पुसत म्हणाली. “बी बोजले होते.”

पहिल्यांदा हसले ते फादर सिरिओ. मग साउरो हसला आणि त्यानं घाबरून आईकडे पाहिलं. आई हातमोजे काढत होती. एक काढला, दुसरा काढला, पर्समध्ये ठेवले. अंगठ्या काढल्या. खुर्ची उचलून, दुसऱ्या कुणाला उचलू न देता, त्यांनी ती चुलीपाशी आणली.

“चीर दिलेले अजून आहेत?” त्यांनी विचारलं.

“आहेत, सिन्योरा. किलोभर.”

“कढई पुसून घ्या. जुना धूर राहायला नको. आणि ती खिडकी उघडा कुणीतरी.”

ओविदिओ उभाच होता. “तुम्ही नुसतं ‘आता’ म्हणा. मी उतरवीन.”

“नुसतं ‘आता’ म्हणायला मी काय टायमर आहे?” सिन्योरा म्हणाल्या. “बसा. मी काय येतंय ते सांगत जाईन. उतरवायचं तुम्ही ठरवा. भाजणारे तुम्ही आहात.”

ओविदिओ बसला. कढई आगीवर गेली. या वेळी नियम मोडला होता, कारण बोलणं चालूच होतं, पण एकाच माणसाचं, हलक्या आवाजात, गिऱ्हाइकाला अत्तर दाखवावं तसं.

“तळघर,” सिन्योरा डोळे मिटून म्हणाल्या. “ओली माती, पोती.”

“बरोबर,” ओविदिओनंही डोळे मिटले.

“अजून तेच... अजून तेच. आता जातंय. आता कोरडं. पाव.”

“कवच जरा कडक झालेला?”

“नाही, अजून मऊ आहे. थांबा. हं, आता कडक. आणि खाली काहीतरी आहे... इस्त्री. दमट लोकरीवर गरम इस्त्री ठेवावी तसं.”

कढई खडखडत होती. ओविदिओचं डोकं आवाजाकडे कललं होतं. आर्मिदानं त्याच्या पाठीला हात लावला होता, हे तिच्याही लक्षात नसावं.

“दूध,” सिन्योरा म्हणाल्या. “पातेल्याच्या कडेला लागतं ते. आणि त्याच्यामागे...” त्या थांबल्या. त्यांच्या भुवयांची ताठ रेघ एकदम विस्कटली. “त्याच्यामागे माझ्या आजोबांचा कोट आहे. थंडीतून घरात आल्यावर...”

“बस!” ओविदिओ म्हणाला.

घोंगडी, गाठोडं, खुर्ची. तो वर बसला. सिन्योरांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“हे आवश्यक आहे?”

“ऊब लागते, सिन्योरा.”

“किती वेळ?”

“दहा मिनिटं.”

“माझ्या दुकानात हे चालणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि लोरेदाना इतकी जोरात हसली की तिला उचकी लागली.

दहा मिनिटं लोकांनी बोलून काढली. आजवरच्या इतक्या रविवारी त्या खोलीत जमलेल्यांपैकी कुणी त्या दहा मिनिटांत बोललं नव्हतं. ओविदिओला कुणी निलगिरी सुचवली, कुणी तपकीर, कुणी गाढविणीचं दूध. एकीनं सांगितलं की तिच्या दिराचं नाक सहा वर्षांनी परत आलं होतं, एका लग्नात, एकदम. तेओफिलोनं जाहीर केलं की पुढच्या रविवारपासून आपण शेजारी बसणार, कारण पावाचा वास कोणता हे ठरवायचा अधिकार बेकरीवाल्याचा आहे. “बस की,” ओविदिओ गाठोड्यावरून म्हणाला. “पण विणायला घेऊन ये काहीतरी.”

घोंगडी उघडली. वाफ वर गेली, आणि सगळे एका सुरात “आहा” म्हणाले. ओविदिओनं ते “आहा” ऐकलं. त्यानं पहिला चेस्टनट सिन्योरांना दिला. त्यांनी सोलला, हुंगला, खाल्ला. साउरोनं श्वास रोखला होता.

“दोन-तीन कमी भाजलेत,” सिन्योरा म्हणाल्या.

“चार,” तेओफिलो म्हणाला.

“पण मुलीला घरून नाक मिळालं नसलं तरी चालेल,” सिन्योरांनी दुसरा उचलला. “नाक माझ्याकडे आहे. ही सरळ बोलण्याची सवय मात्र आमच्याकडे कमी आहे.”

लोरेदानानं माझा हात इतका दाबला की अंगठीचा वळ उठला. उरलेल्यांवर साखर आणि ग्राप्पा ही कडक दारू ओतून आम्ही ते पेटवले. निळ्या ज्योती नाचू लागल्या, फादर सिरिओंनी दोन वाट्या घेतल्या आणि या वेळी जागेपणी घेतल्या.

पाच वाजता पाहुण्यांची गाडी वळणावरून खाली गेली. गावकरीही पांगले. मी मागच्या अंगणात ग्लास विसळले आणि ट्रे घेऊन आत आले, तर दोघं टेबलाशी बसली होती. घोंगडीच्या तळाशी सात-आठ चेस्टनट उरले होते. ओविदिओ ते सोलत होता. एकेक सोलून, आतला तांबूस पापुद्रा नखानं काढून, बशीत आर्मिदापुढे ठेवत होता. तिनं एक तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

“कसा लागतोय?” त्यानं विचारलं.

आर्मिदानं बराच वेळ चावून पाहिलं. बंद नाकानं तिला काय कळणार होतं?

“गरब आहे,” ती म्हणाली.

ओविदिओनं एक स्वतः खाल्ला. डोळे मिटून, शेवटपर्यंत.

“हो,” तो म्हणाला. “गरम आहे.”

“तुला असंच लागतं? रोज?”

“रोज.”

आर्मिदाचं नाक चार दिवसांत सुटणार होतं. तिनं बशी दोघांच्या मधोमध सरकवली, आणि त्यानं पुढचा चेस्टनट सोलायला घेतला.